जुन्या पेट्रोल गाडीत जास्त इथेनॉलचं इंधन: आधी नळ्या, मग जेट

पहिली टाकी भरली, गाडी चालू झाली, पिकअपही ठीक वाटला, की ‘चालतंय की!’ म्हणून बरेच जण मोकळे होतात. जास्त इथेनॉलच्या बाबतीत ही खात्री फार लवकर दिलेली असते. इथेनॉल जुन्या गाडीत दोन ठिकाणी काम करतं आणि दोन्हींचा वेग वेगळा आहे. हवा आणि इंधनाच्या प्रमाणावरचा परिणाम पहिल्या काही किलोमीटरांतच जाणवतो. रबर, गॅस्केट आणि टाकीच्या आतल्या पत्र्यावरचा परिणाम मात्र महिने घेतो, आणि तो कळतो तेव्हा बहुधा पेट्रोलच्या वासाने कळतो. म्हणून इथला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी गळती, मग ट्यूनिंग. लोक सहसा नेमकं उलट करतात.

हे सगळं कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या काळातल्या इंजेक्शनच्या गाड्यांना लागू आहे. कारखान्यातूनच फ्लेक्स-फ्युएल म्हणून, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कमी-जास्त मिश्रणावर चालण्यासाठी बनून आलेल्या गाडीला यातलं काहीही लागत नाही.

इथेनॉल वेगळं कुठे पडतं

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे बाहेरून कमी लागतो. इंजिन तेवढीच हवा ओढणार असेल, तर इंधन जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर लिटरच्या हिशेबात हे जास्तीचं इंधन अंदाजे असं येतं (‘ई’ पुढचा आकडा म्हणजे इंधनातल्या इथेनॉलची टक्केवारी):

ई१०: ४ टक्के
ई२०: ७ ते ८ टक्के
ई३०: १२ टक्के
ई५०: २१ टक्के
पूर्ण ८५ टक्के इथेनॉल असलेलं ई८५: ४० टक्क्यांहून थोडं जास्त

हा तक्ता लिहून ठेवा. पुढे जेट (कार्बोरेटरमधला, इंधन मोजून सोडणारा भोकाचा सुटा भाग) निवडताना, इंजेक्टर पुरतील का ते बघताना याच आकड्यांवर यायचं आहे. कार्बोरेटरचं भोक किंवा इंजेक्टरची वेळ पूर्वीचीच राहिली आणि इंधन बदललं, तर मिश्रण ‘लीन’ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी.

ॲव्हरेजचं गणितही इथेच लागतं. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. ई२० वर ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घसरणं हा दोष नाही, ते भौतिकशास्त्र आहे. ई८५ वर पाव भागाहून जास्त घट येते. एखादी बाटली ओतून ही घट भरून काढून देतो असं कुणी सांगितलं, तर बाटली तिथेच ठेवा.

चांगली बाजू दोन गोष्टींची. इथेनॉलचा ऑक्टेन (आरओएन) १०८ च्या आसपास असतो, त्यामुळे ते नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके पडण्याला, दाद देत नाही. शिवाय बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषतं, म्हणून आत जाणारी हवा थंड होते. मात्र याच गुणामुळे थंडीत गाडी चालू व्हायला कुरकुर करते.

पहिली पायरी: गाडी कोणत्या गटातली आहे ते ठरवा

बॉनेट उघडा. कार्बोरेटर असेल तर प्रश्न मिटला: गाडी स्वतःहून काहीही सुधारून घेणार नाही. इंजेक्शन असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच खालच्या पाइपवर, २२ मिलिमीटरच्या पान्याने निघेल असा, वायर जोडलेला ऑक्सिजन सेन्सर दिसतो का बघा. तो असेल तर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजेक्शन सांभाळणारा कॉम्प्युटर, धुराकडे बघून इंधन कमी-जास्त करू शकतं. इंजेक्शन आहे पण सेन्सर नाही, अशा गाड्याही बऱ्याच निघाल्या. त्या नव्या दिसतात, पण इथेनॉलपुरत्या कार्बोरेटरच्याच रांगेत बसतात.

डॅशबोर्डखाली ओबीडी-२ चा, म्हणजे स्कॅनर जोडून कंट्रोल युनिटमधले आकडे वाचायचा सॉकेट असेल तर काम फार सोपं होतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींना तो १९९६ पासून, आणि युरोपात पेट्रोल मोटारींना २००१ पासून असतो.

मग मॅन्युअल आणि फ्युएल कॅपच्या झाकणाची आतली बाजू वाचा. तिथे लिहिलेली मर्यादा मुख्यतः रबर आणि धातूंची असते, त्यामुळे इंजिन त्या मर्यादेपलीकडे मजेत धावलं तरी ती मर्यादा खोटी ठरत नाही. अंदाजासाठी एक खूण: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, ई१५ ला २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलांपुरतीच मुभा दिली. त्याआधीच्या गाडीत नळ्या बघितल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर जाऊ नका, असं मी म्हणेन. वॉरंटी बहुधा संपलेलीच असते, पण विमा आणि प्रदूषण चाचणीचे आपापल्या ठिकाणचे नियम बघून घ्या. इंधनव्यवस्थेतला बदल काही ठिकाणी नोंदवावा लागतो.

दुसरी पायरी: टाकीत नक्की काय आहे ते मोजा

पंपावरचं लेबल म्हणजे बहुतेक वेळा वरची मर्यादा असते. अमेरिकेतल्या मानकानुसार ‘ई८५’ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं. हिवाळ्यात गाडी चालू व्हावी म्हणून पेट्रोलचा वाटा मुद्दाम वाढवलेला असतो. ५१ आणि ८३ यांच्यामध्ये जेटच्या निवडीचा सगळा खेळ बदलतो.

घरच्या घरी मोजता येतं. १०० मिलिलिटरचा, खुणा असलेला काचेचा उभा सिलिंडर घ्या. ५० मिलिलिटर पाणी, त्यावर ५० मिलिलिटर इंधन. बूच लावून हलवा, मध्ये एकदा वाफ सोडा, आणि दोन थर स्वच्छ वेगळे होईपर्यंत थांबा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा थर वाढतो. तो ५० वरून ६० ला आला तर वाढ १० ची. तिची दुप्पट २०, म्हणजे ई२०. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर एकूण आकारमान किंचित आकसतं, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसू शकतो, पण आपल्या कामाला तो पुरेसा आहे. हे उघड्यावर करा, जवळ ज्योत किंवा चालू हीटर नको, आणि उरलेलं मिश्रण टाकीत परत ओतू नका.

दोन इंधनं एकत्र करायची तर हिशेब सरळ आहे. टाकीत ३० लिटर ई१० आहे, म्हणजे ३ लिटर इथेनॉल. त्यात १० लिटर ‘ई८५’ टाकलं आणि चाचणीत ते ७५ टक्के निघालं, तर आणखी साडेसात लिटर. ४० लिटरमध्ये साडेदहा, म्हणजे सुमारे २६ टक्के. लेबलवर विश्वास ठेवून ८५ धरलं असतं तर २९ आलं असतं.

तिसरी पायरी: रबर, धातू, गॅस्केट

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जेट चुकला तर गाडी झटके देईल, नळी चुकली तर गाडी पेटेल.

कामाला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंजेक्शनच्या गाडीत त्याच्याही आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी हवा.

मग टाकीपासून इंजिनापर्यंत प्रत्येक रबरी नळी हाताने वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, नळी बोटाखाली लिबलिबीत लागली किंवा टोकाशी फुगलेली दिसली, तर ती गेली. जुनं नैसर्गिक रबर आणि जुन्या प्रकारचं नायट्राइल इथेनॉलमध्ये फुगतं, त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं निघून जातात, आणि मग ते सुकलं की आकसून तडकतं. म्हणूनच काही गाड्या इथेनॉलवर असताना गळत नाहीत आणि महिनाभर उभ्या राहिल्यावर गळायला लागतात.

नवी नळी घेताना तिच्या अंगावर छापलेलं वाचा. एसएई जे३०आर९ लिहिलेल्या नळीचं आतलं अस्तर फ्लुओरोइलॅस्टोमर नावाच्या खास रबराचं असतं. ते इथेनॉल सोसतं आणि इंजेक्शनचा दाबही सोसतं. टाकीच्या आत, इंधनात बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी मात्र आर१० लागते. आर९ चं बाहेरचं आवरण इंधनात बुडवण्यासाठी बनवलेलं नसतं, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. टाकीत तोंडापासून खाली जाणारी जाड नळी आणि बाष्पाच्या बारीक नळ्या लोक विसरतात. त्याही याच यादीत आहेत.

कार्बोरेटर उघडलात की आत काय काय बघायचं: ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटच्या (बाउलमधली इंधनाची पातळी राखणारा तरंगता भाग) सुईचं रबरी टोक, आणि गॅस्केट. सुई व्हायटनच्या (हेही फ्लुओरोइलॅस्टोमरच) टोकाची घ्या. कॉर्कचं गॅस्केट किंवा शेलॅक लावलेला कॉर्कचा फ्लोट दिसला तर तो इथेनॉलच्या जमान्यातला नाही, बदलायचाच. फोमचा फ्लोट इंधन पिऊन जड होतो, मग पातळी चढते आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप असेल तर त्याचाही डायफ्रॅम आलाच; तो फाटला तर इंधन थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं.

धातूंमध्ये जस्त आणि शिसं सगळ्यात कच्ची. कार्बोरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते. आत पांढरी पूड दिसली तर ती गंजाचीच खूण. ॲल्युमिनियम आणि पितळ त्यामानाने तग धरतात, पण इंधनात पाणी शिरलं की त्यांचीही झीज सुरू होते. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला आतून शिसं-कथलाचा मुलामा असतो, तो जास्त इथेनॉलमध्ये हळूहळू सुटतो. टाकी कुणी आतून लेप लावून ‘दुरुस्त’ केली असेल तर तो लेप इथेनॉल सोसणारा आहे का ते विचारा. तसा नसेल तर त्याचे पापुद्रे एक दिवस फिल्टरमध्ये सापडतील. फायबरग्लासची जुनी टाकी असेल तर माझा सल्ला सरळ आहे: हा नाद सोडा.

चौथी पायरी: टाकी आणि फिल्टर

इथेनॉल चांगलं द्रावक आहे. पेट्रोलने वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी जमवलेला चिकट थर ते सोडवतं आणि पुढे पाठवतं. म्हणून नवा फिल्टर बसवून सुरुवात करा, दुसरा नवा फिल्टर गाडीत ठेवा, आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर तो लावा. पारदर्शक फिल्टर दिसायला सोयीचा असतो, पण त्याचं प्लास्टिक इथेनॉलला चालणारं आहे ना ते बघा. इंजेक्शनच्या दाबाच्या लाइनमध्ये तर तो लावायचाच नाही.

पाण्याचा प्रश्न जरा नीट समजून घ्यायला हवा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, इथपर्यंत ते उपकारच करतं. पण सुमारे १५ अंश सेल्सिअसला ई१० मध्ये साधारण अर्धा टक्काच पाणी मावतं. ५० लिटरच्या टाकीत पाव लिटर. त्याच्या पुढे गेलं किंवा थंडी वाढली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोलमधून वेगळी होऊन तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो. इंजिनाला आधी पाणीमिश्रित इथेनॉल मिळतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन खाली आलेला असतो. गंमत अशी की इथेनॉल जितकं जास्त, तितकं पाणी जास्त मावतं, त्यामुळे ही भीती ई८५ पेक्षा ई१० ला जास्त आहे. तरीही सुरू करण्याआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. खाली दुसरा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा.

पाचवी पायरी: कुठे थांबायचं ते आधी ठरवा

नळ्या झाल्या, टाकी झाली, असं धरून माझी मतं सांगतो. मूळ जेटवरच्या कार्बोरेटरला, किंवा सेन्सर नसलेल्या इंजेक्शनला, १० टक्क्यांपर्यंत सहसा काही करावं लागत नाही. २० साठी जेट किंवा इंधनाचा दाब बदलावा. ऑक्सिजन सेन्सरवाल्या, सुस्थितीतल्या गाडीला २० सहज झेपतं आणि ३० ला मी थांबेन. त्याच्या वर अर्धवट उपाय नकोत: एक तर पूर्ण रूपांतर, नाहीतर नाही.

आणि तिथपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी जा. एका टाकीत दहाच्या आसपास टक्के वाढवा, ती टाकी संपेपर्यंत गाडीचं बघा, मग पुढे. एकदम उडी मारली तर काय बिघडलं हे शोधायला जागाच उरत नाही.

कार्बोरेटर असेल तर

जेटला हात लावण्याआधी इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. तिथून हवा शिरत असेल तर लक्षणं अगदी लीन मिश्रणाचीच दिसतात, आणि मग जेट मोठा करून तुम्ही भलतंच दुखणं झाकता.

लक्षणं अशी: ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते, एका वेगात चालताना पुढे-मागे हिसके देते, कधी कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो, प्लगचं टोक पांढरं पडतं. हाताने ओढायचा चोक असेल तर एक छान चाचणी आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, सपाट मोकळ्या रस्त्यावर, चोक अगदी थोडा ओढा. गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे. बिघडली तर इथेनॉलला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा.

जेटचं गणित असं. इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि जेटवरचा आकडा अनेक कार्बोरेटरांत व्यासाचा असतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. क्षेत्रफळ साडेसात टक्के वाढवायला व्यास चार टक्क्यांच्या आतच वाढवावा लागतो. शुद्ध पेट्रोलवर नीट चालणारा १२० चा मेन जेट ई२० साठी १२५ च्या आसपास येतो, ई३० साठी १२७, पूर्ण ई८५ साठी १४३. गाडी आधीच ई१० वर ट्यून केलेली असेल तर २० साठी त्याच्या निम्मीच वाढ पुरते. काही कंपन्यांच्या जेटवर व्यासाऐवजी प्रवाहाचा आकडा असतो, तिथे हे गणित लागू नाही. आधी खात्री करा. भोक ड्रिलने मोठं करू नका. बिट वेडंवाकडं कापतो, आणि परत फिरायचा रस्ता बंद होतो. तयार जेट घ्या, जुना डबीत जपून ठेवा.

स्लो जेटलाही (आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, इंधन देणारा) तेच प्रमाण लागतं, पण कमी इथेनॉलवर आयडल मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल केल्याने भागतं. ॲक्सिलरेटर पंपाचा स्ट्रोक वाढवता येत असेल तर अडखळणं बरंच कमी होतं.

वाइडबँड सेन्सर, म्हणजे मिश्रण किती लीन ते आकड्यात सांगणारा ऑक्सिजन सेन्सर, लावता आला तर प्लगच्या रंगावरून अंदाज बांधायची गरज उरत नाही. पण नवशिके इथे हमखास फसतात. हा सेन्सर लॅम्डा मोजतो, म्हणजे ‘या इंधनाला हवी तितकी हवा आहे का’ एवढंच. गेज तो लॅम्डा पेट्रोलच्या पट्टीवर दाखवतं, त्यामुळे ई८५ वरही संतुलित मिश्रणाला गेजवर १४.७ च दिसतं. ‘ई८५ चं प्रमाण ९.८ असतं’ असं वाचून गेजवर ९.८ आणायला गेलात, तर प्लग इंधनाने भिजतील. गेज लॅम्डामध्येच ठेवा: शांत चालवताना १.० च्या जवळ, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ च्या आसपास. आणि हे बघून होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

इंजेक्शन असेल तर

ओबीडीवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. कंट्रोल युनिट मूळ हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतंय, ते तो सांगतो. इथेनॉल घालण्याआधी, इंजिन गरम असताना, आयडलला आणि स्थिर वेगात तो लिहून ठेवा. ई१० वर तो अधिक २ असेल, तर ई३० वर अधिक १० च्या आसपास जाईल. वरच्या तक्त्यातल्या १२ आणि ४ मधला फरकच तिथे दिसतो. सुरुवातीलाच अधिक १२ असेल तर आधी हवेची गळती, दमलेला पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर शोधा. अशा गाडीने तिची राखीव ताकद इथेनॉल यायच्या आधीच खर्चून टाकलेली असते.

अधिक १५ च्या पुढे मी जाणार नाही. साधारण २० ते २५ च्या दरम्यान बहुतेक गाड्या हात टेकतात, इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७१ हा, मिश्रण लीन असल्याचा, कोड येतो. दोन बँकांच्या, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या, इंजिनात सोबत पी०१७४. दिवा लागला नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. थंड इंजिनला आणि पूर्ण थ्रॉटलला कंट्रोल युनिट सेन्सरकडे बघत नाही. शिकलेला ट्रिम तिथेही वापरायचा की नाही, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. म्हणजे ट्रिम सुंदर दिसत असताना चढावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लीन असू शकतं, आणि व्हॉल्व्ह जळतात ते नेमके तिथेच.

इंजेक्टर पुरतात का, हेही बघा. ते एका फेरीत किती वेळ उघडे राहतात त्याला ड्यूटी सायकल म्हणतात. ती ८०-८५ टक्क्यांच्या आत ठेवायची. पूर्ण भाराला शुद्ध पेट्रोलवर ७० टक्के असेल, तर ई३० वर ७८ होईल, चालेल. ई८५ वर तेच १०० होतं, म्हणजे इंजेक्टर सतत उघडा आणि तरी इंधन जेमतेम.

सेन्सर नसलेल्या इंजेक्शनला एकच साधा मार्ग आहे: इंधनाचा दाब. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून ३ बार वरून ३.५ बार केल्याने साधारण ८ टक्के जास्त इंधन मिळतं, म्हणजे ई२० ची सोय. ॲडजस्टेबल रेग्युलेटर लागेल, आणि जुना पंप तेवढा दाब धरतो का ते आधी गेज लावून बघावं लागेल.

पूर्ण रूपांतर म्हणजे मोठे इंजेक्टर, जास्त क्षमतेचा पंप, इथेनॉल सोसणारी सगळी लाइन, आणि टाकीत काय आहे ते ओळखणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर. जीएमच्या (जनरल मोटर्स) गाड्यांतला सेन्सर रूपांतरात खूप वापरला जातो. तो ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो, आणि हर्ट्झमधून ५० वजा केले की इथेनॉलची टक्केवारी मिळते. ट्यूनिंग करता येणारं कंट्रोल युनिट तो वाचून इंधन बदलतं. केवळ इंजेक्टरची वेळ ठरावीक पटीने ताणणारे छोटे डबे मिळतात, पण टाकीत ५१ टक्के आहे की ८३, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती मी गाडी देणार नाही.

टायमिंग

जास्त ऑक्टेनचा फायदा आपोआप मिळत नाही. ई२० साठी टायमिंगला, म्हणजे प्लगची ठिणगी पडायच्या वेळेला, हात लावू नका. जास्त प्रमाणावर, आणि मिश्रण नीट झाल्यावरच, डिस्ट्रिब्युटर एका वेळी दोन अंशांनी पुढे घ्या. ओढ वाढायची थांबली की तिथेच थांबा. नॉकिंगचा आवाज येईपर्यंत वाट बघायची नसते.

थंडी आणि ऊन

सुमारे ११-१२ अंशांच्या खाली निव्वळ इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफच होत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ साली फियाट १४७ निव्वळ इथेनॉलवर चालणारी म्हणून बाजारात आली. तिथल्या इथेनॉल गाड्यांना पुढे बरीच वर्षं बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, फक्त थंडीत इंजिन चालू करण्यापुरती. ई२० वर चोक थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. जास्त प्रमाणावर थंडीत पेट्रोलचा वाटा वाढवा.

उन्हात गोष्ट उलटी फिरते. एकटं इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं, पण पेट्रोलमध्ये १० टक्क्यांच्या आसपास मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षा जास्त उडतं. त्यामुळे कार्बोरेटरच्या गाड्या गरम होऊन थांबल्या की पुन्हा चालू होत नाहीत, नळीत वाफ अडकते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, मध्ये उष्णतारोधक पत्रा लावा, कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर गॅस्केट बसवा. प्रमाण निम्म्याच्या वर नेलं की हा त्रास उलट कमी होतो.

रोजच्या सवयी

इंजिन ऑइल निम्म्या अंतराला बदला, विशेषतः छोट्या फेऱ्या असतील तर. थंड इंजिनात जास्त इंधन आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा साय-सारखा थर दिसला तर एक लांबची फेरी मारा. पहिले काही महिने दर टाकीला बॉनेट उघडून नाकाने तपासणी करा. वास आला तर गाडी बंद, आणि शोध सुरू.

गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर शेवटची टाकी इथेनॉल नसलेल्या किंवा कमीत कमी असलेल्या पेट्रोलची भरा, आणि ते कार्बोरेटरच्या बाउलपर्यंत पोहोचेल इतकी गाडी चालवून मगच उभी करा.

परत साध्या पेट्रोलवर यायचं असेल तर क्रम पाळा. टायमिंग पुढे घेतलं असेल तर कमी ऑक्टेनचं इंधन टाकीत पडण्याआधी ते मूळ खुणेवर आणा. मग टाकी जवळजवळ रिकामी करून पेट्रोल भरा, जुने जेट परत बसवा किंवा दाब मूळ आकड्यावर आणा. सेन्सरवाल्या गाडीत स्कॅनरने शिकलेले ट्रिम पुसून टाका, नाहीतर पहिले काही किलोमीटर ती काळा धूर सोडत जाईल. नळ्या मात्र तशाच राहू द्या.